न्यायानंतरचं वाक्य

"आत आले बघ तुझे बाबा," मर्लीन म्हणाली. बीन्सच्या पातेल्यावरचं झाकण तिच्या हातात तसंच राहिलं होतं आणि वाफेनं तिचा चष्मा पांढरा झाला होता.

"मीच आणलंय त्यांना. मला काय सांगतेस?"

"तू आणलंस ते पायरीपर्यंत. दारात कोण उभाय ते विसरलीस का?"

विसरले नव्हते. बाबांनी उताराच्या फळीवर माझा हात झटकला होता, "माझा मी जाईन" म्हणाले होते, आणि मी सुटल्यासारखी मागच्या दारानं स्वयंपाकघरात पळून आले होते. आता वाढपाच्या खिडकीतून मान काढून बघितलं.

लुसियन काका गावसभेच्या दिवशी दार उघडं धरून उभा राहतो. पाठ दाराला टेकवलेली, जुना निळा कोट, कोटावर कॉन्स्टेबलचा बिल्ला. मार्च महिना, बर्फ वितळून सगळ्या मेन राज्यभर चिखलच चिखल. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट सांगतो, "या, पाय पुसून या." गावात कोण कोणाशी बोलत नाही, याचा या वाक्याशी संबंध नसतो. सगळे पाय पुसतात.

बाबांची खुर्ची दारात आली तेव्हा काकानं सवयीनं तोंड उघडलं. मग त्याची नजर चाकांवर गेली आणि त्यानं तोंड मिटलं. बाबा सरळ समोर बघत होते. मांडीवर ऑक्सिजनचं नळकांडं, नाकात चाकापर्यंत लोंबणारी लांब नळी, अंगात कागद गिरणीतल्या युनियनचं ते जॅकेट, जे आता दोन माणसांना पुरलं असतं. त्यांनी खुर्ची ढकलली. चिखलाच्या दोन रेघा दारापासून पार भिंतीपर्यंत गेल्या. काका त्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिला. मागून येणाऱ्यांना पाय पुसायला सांगायचं त्याला सुचलंच नाही.

"बोलले?" मर्लीननं विचारलं.

"छे."

"बत्तीस वर्षं बोलले नाहीत, ते आज दारात बोलतील होय? चल, ब्रेड काप."

लुसियन काका हा माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही, आणि हे मी त्याच्या कौतुकानं म्हणतेय. लग्न केलं नाही. घरोघरच्या तळघरातल्या तेलाच्या भट्ट्या दुरुस्त करायचा. आमच्याकडे जानेवारीत भट्टी बंद पडली तर सकाळपर्यंत नळ फुटतात आणि माणसं निळी पडतात, त्यामुळे गावात असा एकही उंबरा नव्हता जो त्यानं ओलांडला नव्हता. आमचा सोडून, गेल्या बत्तीस वर्षांत, एक दुपार वगळता. आणि वर्षातून थोडे दिवस तो कॉन्स्टेबल. पिस्तूल नाही, गाडी नाही. सुटलेली कुत्री पकडायची, मिरवणुकीपुढे चालायचं, आणि गावसभेत बसायचं नाही, उभं राहायचं. सभा सुरू करण्याआधी अमेरिकेच्या घटनेच्या सुरुवातीचा उतारा मोठ्यानं वाचायचा. ही आमच्या गावची पद्धत. का, ते कोणाला माहीत नाही. म्हणे पहिल्या कॉन्स्टेबलचा आवाज मोठा होता.

काकाचा आवाज मोठा नाही. पण तो तो उतारा असा वाचायचा की लहानपणी मला वाटायचं तो त्यानंच लिहिलाय. 'आम्ही लोक' पासून सुरू. अधिक परिपूर्ण संघ घडवण्यासाठी, न्याय प्रस्थापित करण्यासाठी, देशांतर्गत स्वस्थता सुनिश्चित करण्यासाठी. या तिसऱ्या ठिकाणी तो किंचित थांबायचा आणि मान थोडी वर करायचा. नंतरचं संरक्षण, कल्याण, स्वातंत्र्य वगैरे तो भराभर उरकायचा. ते दुसऱ्या कोणाचं तरी काम होतं. स्वस्थतेचं काम त्याचं होतं.

"म्हणजे काय रे काका?" मी सातवीत असताना विचारलं होतं. तेव्हा बोलणं चालू होतं.

"म्हणजे भांडणतंटा नाही. रात्री झोपताना दाराला कडी लावायची राहिली तरी चालतं, ते."

"मग तसं लिहायचं की."

"पूर्वीची माणसं सुटाबुटात लिहायची," काका म्हणाला होता.

संप झाला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. गिरणीनं पगार कापले, माणसं बाहेर आली. मग हळूहळू काही माणसं परत आत गेली. आमच्याकडे अजून तसंच म्हणतात, बाहेर राहिलेले आणि आत गेलेले. बाबा बाहेर राहिलेल्यांत सगळ्यात पुढे. मर्लीनचे वडील आत गेलेल्यांत पहिले. गावातल्या माणसांनी भागेना म्हणून गिरणीनं बाहेरून कामगार आणायचं ठरवलं, आणि त्यांच्या राहायच्या ट्रेलरांसाठी गावाचं बेसबॉलचं मैदान भाड्यानं मागितलं. मैदान गावाचं, म्हणून गावसभा भरली.

आमच्याकडे हात वर करून मत देतात. हात मोजता येईनासे झाले की सभापती म्हणतात, विभागणी करा. मग होकाराची माणसं उठून एका भिंतीला उभी राहतात, नकाराची दुसऱ्या भिंतीला, आणि मोजतात. तिथे लपायला जागा नसते. तुमचा शेजारी, तुमचा दंतवैद्य, तुमचा मेव्हणा, सगळे समोरच्या भिंतीवरून तुमच्याकडे बघत असतात. त्या दिवशी दोन्ही भिंती गच्च भरल्या. मधली वाट रिकामी, आणि त्या वाटेत एकटा लुसियन काका. कॉन्स्टेबल मत देत नाही. कॉन्स्टेबल मध्ये उभा राहतो, म्हणजे दोन्हीकडची माणसं एकमेकांवर धावून जात नाहीत. ही पण पद्धतच.

मोजणी झाली. दोन्ही भिंती सारख्या निघाल्या.

तेव्हाचे सभापती व्हिटकम, विम्याचा धंदा. मतं सारखी झाली तरच सभापतींनी मत द्यायचं असतं. त्यांनी घसा साफ केला.

"थांबा," बाबा भिंतीवरून म्हणाले. "अजून एक माणूस आहे मोजायचा. लुसियन, ये इकडे."

काका हलला नाही.

"लुसियन. तुझा भाऊ बोलावतोय."

"मला मत नसतं रे, रोझेर," काका म्हणाला. "तुला माहितीये. मी इकडे आलो तर इथे मध्ये कोण? डोकी फुटतील."

"फुटू देत दोन-चार."

"असं नको बोलू. मी आत्ताच वाचलं ना सगळ्यांसमोर..."

"वाचलंस, हो. तुझं आवडतं वाक्य वाचलंस. त्याच्या आधीचं कुठलं होतं रे? आधी न्याय लिहिलाय, लुसियन. मग स्वस्थता. ज्यानं लिहिलं त्याला क्रम कळत होता. तुला कळत नाही."

काका मध्येच उभा राहिला. व्हिटकमनी "गावात शांतता नांदावी म्हणून" मैदान द्यायच्या बाजूनं मत दिलं. आठवडाभरात ट्रेलर आले, हिवाळ्यापर्यंत संप मोडला. बाबांना गिरणीनं परत घेतलं नाही. ते मग आयुष्यभर दुसऱ्याच्या लाकूडतोडीवर राबले. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आमच्या गावाचं कौतुक आलं. इतका मोठा संप आणि एक खिडकी फुटली नाही, एक माणूस जखमी नाही. काकाचा फोटो होता, दार धरून उभा असलेला.

खरंच फुटली नाही खिडकी. फक्त गावात दोन न्हावी झाले. चर्चमध्ये बाहेर राहिलेले डावीकडे आणि आत गेलेले उजवीकडे बसायला लागले, आणि फादर मधोमध बघून प्रवचन द्यायला शिकले. मर्लीन आणि मी एका बाकावर शिकलेल्या. आम्ही सात वर्षं एकमेकींना दिसलो नाही, एकाच दुकानात भाजी घेताना सुद्धा. मग एका गावसभेला स्वयंपाकीण कमी पडली आणि आम्हाला एकाच पातेल्यापाशी उभं केलं. त्या दिवशी मी म्हणाले, "काकवी कमी झालीय." ती म्हणाली, "तुझ्या आईच्या हातची अशीच असायची." झालं. बायकांचं असं होऊ शकतं. बाबांचं आणि काकाचं नाही झालं.

एकदाच जवळ आलं होतं. एका जानेवारीत आमची भट्टी बंद पडली. बाबा जंगलात कामावर. आईनं दुपारभर वाट बघितली, मग गुपचूप फोन केला. काका आला, तळघरात उतरला, तासाभरात भट्टी चालू. पैसे घेतले नाहीत, कॉफी पण नाही. जाताना त्यानं स्वतःच्या बुटांचे बर्फातले ठसेसुद्धा फावड्यानं सारखे केले. संध्याकाळी बाबा आले, दारातच थांबले. घर उबदार होतं.

"कोण आलं होतं?"

बाबा तळघरात गेले, बटण बंद केल्याचा आवाज आला. त्या रात्री आम्ही सगळे कोट घालून, टोप्या घालून झोपलो. आई अंधारात म्हणाली, "तुम्ही दोघं भाऊ माझा जीव घेणार." बाबा म्हणाले, "एकाच भावाचं बोल." आई पुढच्या दोन वर्षांत गेली, पण ती दुसऱ्या दुखण्यानं.

आता गिरणी नाही. आधी बंद झाली, मग पाडली, आत गेलेले आणि बाहेर राहिलेले सारखेच घरी बसले. राहिलं आहे ते फक्त फाटक. यंदाच्या सभेत ठराव होता की त्या फाटकापाशी एक शिळा बसवावी आणि संपात शेवटपर्यंत बाहेर राहिलेल्यांची नावं तिच्यावर कोरावीत. बाबा संपानंतर गावसभेला कधी आले नव्हते. यंदा त्यांनी आठवडाभर आधी जॅकेटला बटण लावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, बाहेर नेऊ नका. बाबा म्हणाले, आत ठेवून काय करणार आहात?

सभेला थोडा वेळ होता तेव्हा काका कॉफीला खिडकीपाशी आला. त्याचे हात थरथरतात हल्ली. मी कप अर्धाच भरला.

"काही म्हणाला का गाडीत?" त्यानं विचारलं. दुसरीकडे बघत.

"रस्ता खराब आहे म्हणाले."

"रस्ता खराब आहेच."

"काका, तू जाऊन बोल ना त्यांच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही."

"काहीही बोलायला आधी काहीतरी बोलावं लागतं, नोएला." त्यानं कप दोन्ही हातांत धरला. "श्वास घेताना आवाज येतोय त्याच्या. दारातून ऐकू आला."

"यायचाच. फुप्फुसं संपलीत."

"किती दिवस?"

मी मान हलवली. मर्लीन मागून म्हणाली, "लुसियन, पाय घे अजून. सकाळपासून दाराशी उभा आहेस, कुत्र्यासारखा." आमच्याकडे सफरचंदाच्या त्या गोड कापाला सगळे पायच म्हणतात. काकानं तो घेतला, रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. खाल्ला नाही.

"मला वाटायचं," तो हळूच म्हणाला, "कोणी ओरडलं नाही, म्हणजे जमलं. माझी समजूत तशीच होती. मी सगळ्या घरांत जातो ना. सगळी घरं ऐकलीत मी. कोणीच ओरडत नाही. टेबलावर तुटलेल्या माणसाचं एक ताट जास्तीचं मांडतात आणि उचलून ठेवतात. ती काय स्वस्थता झाली?"

सभापतींनी टेबलावर हातोडी आपटली आणि तो कप तसाच ठेवून गेला.

सगळे उभे राहिले. बाबा सोडून. काकानं चष्मा लावला, जरी त्याला ते पाठ होतं. आम्ही लोक. अधिक परिपूर्ण संघ घडवण्यासाठी. न्याय प्रस्थापित करण्यासाठी.

तिथे तो थांबला. नेहमी नंतर थांबायचा.

बाबांच्या नळकांड्यातली टिकटिक माझ्यापर्यंत आली. कोणीतरी खोकलं. सभापती बाईंनी त्याच्याकडे बघितलं. काकानं बोट कागदावर मागे नेलं आणि परत म्हणाला, "न्याय प्रस्थापित करण्यासाठी." मग पुढचं सगळं एका आवाजात, कुठेही मान वर न करता, वाचून टाकलं.

"डोळे गेले बिचाऱ्याचे," माझ्या शेजारी मर्लीन पुटपुटली. "ओळ दोनदा वाचली."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली होती. एवढंच. पण ती खाली जायला वेळ लागला.

शिळेचा ठराव आला तेव्हा अर्धी सकाळ कुत्र्यांच्या परवान्यात गेली होती. बाजूनं दोघं-तिघं बोलले. विरुद्ध एकानं तेच जुनं काढलं, इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं, गाव शांत आहे. मग मर्लीननं ॲप्रनला हात पुसले आणि ती स्वयंपाकघरातून सरळ मधल्या वाटेत जाऊन उभी राहिली. मला म्हणालीही नाही.

"मी कधी बोलत नाही इथे," ती म्हणाली. "मी वाढते. माझे वडील आत गेले होते. सगळ्यांना माहितीये. त्या वर्षी माझ्या बहिणीचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि विमा गिरणीचा होता, हे काहींना माहितीये. त्यांना पुढे वीस वर्षं कोणी 'कसा आहेस' म्हणालं नाही. तुम्ही दगड उभा करा, त्यावर नावं लिहा. ज्यांची नाहीत ती पण वाचता येतील. मला रोज त्या रस्त्यानं जावं लागतं, एवढंच सांगायचंय."

बाबा तिच्याकडे बघत होते. मर्लीनच्या वडिलांबरोबर ते लहानपणी मासे धरायला जायचे, हे मला आईनं सांगितलेलं होतं, त्यांनी नाही.

हात वर झाले, मोजता येईनात. "विभागणी," सभापती बाई म्हणाल्या.

खुर्च्या सरकल्या. मर्लीन खिडकीकडच्या भिंतीला गेली. मी दुसऱ्या. माझ्या हातात वाढायचा डाव तसाच होता. बाबांची खुर्ची आमच्याच भिंतीला होती, त्यांना हलायची गरज नव्हती. माणसं आपापल्या जागी गेली आणि मध्ये वाट रिकामी झाली, आणि तिथे लुसियन काका, पंच्याहत्तरीचा, कोटाची बटणं लावलेला.

"बाई," तो म्हणाला. "एक विचारायचंय."

"बोल, लुसियन."

"कॉन्स्टेबलला मत देता येतं का?"

सभापती बाई आमच्यापेक्षा तरुण आहेत, बाहेरून लग्न होऊन आलेल्या. त्या गोंधळल्या. गावच्या कारकून बाईंकडे वळल्या. कारकून बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं, पानं चाळली, चष्म्यावरून बघितलं.

"मतदार यादीत नाव असलेल्या कोणालाही देता येतं."

"कॉन्स्टेबल असला तरी?"

"कॉन्स्टेबल असला तरी. नाही म्हणून कुठे लिहिलेलं नाही."

"आता बदललं असेल."

"नाही, लुसियन." त्यांनी ते फार हळू सांगितलं. वाईट बातमी सांगताना सांगतात तसं. "हे पूर्वीपासून असंच आहे. ती नुसती आपली पद्धत होती."

मी त्याच्याकडे बघू शकले नाही. मी बिल्ल्याकडे बघितलं. तो वरखाली होत होता. त्या संपाच्या वर्षी कोणीही, व्हिटकम, बाबा, काका स्वतः, कोणीही पुस्तक उघडून बघितलं नव्हतं. सगळ्यांना इतकं पक्कं माहीत होतं.

"नाही म्हणून कधीच नव्हतं?" काकानं विचारलं.

"कधीच नव्हतं."

मग तो चालायला लागला. मधून भिंतीपर्यंत काही फार अंतर नाही, पण त्याला वेळ लागला. दोन्हीकडची माणसं त्याच्याकडे बघत होती आणि समोरच्या भिंतीवर कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. तो आमच्या भिंतीला आला. मी थोडी सरकले. तो बाबांच्या खुर्चीशेजारी भिंतीला पाठ लावून, हात खाली सोडून उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. कारकून बाई मोजत आल्या. त्याच्यापाशी आल्यावर त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं नाही, नुसती मान हलवली.

बाबांचा श्वास एकदम अडकल्यासारखा झाला. त्यांनी तोंड उघडलं. मी खाली वाकले. मला वाटलं, झालं, आत्ताच, इथेच.

"पाय काढ," बाबा म्हणाले. माझ्याशी नाही. "नळीवर उभा आहेस."

काकानं खाली बघितलं. त्याचा बूट ऑक्सिजनच्या नळीवर होता. त्यानं पाय असा उचलला जसा कोणी जिवंत माणसावरून उचलेल.

"चुकलं," तो म्हणाला. "चुकलं, रोझेर."

"दिसतंय."

मोजणी सांगितली तेव्हा कळलं की आमची भिंत बऱ्याच मतांनी पुढे होती. लुसियन काका आला नसता तरी ठराव झालाच असता. यंदा त्याचं मत लागत नव्हतं. ते लागलं होतं बत्तीस वर्षांपूर्वी.

माणसं आपापल्या खुर्च्यांवर परतली. काकाला सभागृहात खुर्ची कधी नव्हती, त्यामुळे तो तिथेच भिंतीला उभा राहिला. दार उघडं राहिलं होतं, थंडी आत येत होती, शेवटी कोणीतरी उठून ते लावलं. मर्लीन स्वयंपाकघरात आली. डोळे लाल, पण हात सराईत. तिनं पहिलं ताट भरायला घेतलं.

"तुझ्या बाबांना किती वाढू? चावतं का त्यांना?"

"बीन्स चावतात. ब्रेड बुडवून दे."

"आणि त्याला?"

"कोणाला?"

"त्याच भिंतीला दुसरं कोण उभंय?" ती म्हणाली आणि दोन ताटं भरून स्वतः घेऊन गेली.

बाबा मार्च संपायच्या आत गेले. आमच्याकडे हिवाळ्यात गेलेल्या माणसाला लगेच माती मिळत नाही, वर चिखल झाला तरी खाली जमीन लोखंडासारखी असते. दफनभूमीच्या कडेला दगडी कोठी आहे, तिथे पेटी ठेवतात आणि मे महिन्यात जमीन सुटली की पुरतात. त्या मधल्या दिवसांत काका बऱ्याचदा कोठीच्या बाहेर गाडी लावून बसलेला दिसायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, कुलूप बघायला आलो होतो. कॉन्स्टेबलकी त्यानं सोडली. त्या जागी यंदा कोणीच उभं राहिलेलं नाही. शिळा अजून यायचीय.

लोक मला विचारतात, मग झालं ना शेवटी त्यांचं गोड? काय बोलले दोघं? मी काय सांगणार. मला जे ऐकू आलं ते सांगते.

त्या दिवशी सभा दुपारी संपली. हिवाळ्यात रस्त्यांवरच्या बर्फावर टाकायच्या मीठ-वाळूचा ठराव शेवटचा असतो. काकानं बाबांची खुर्ची उताराच्या फळीवरून खाली नेली, बाबांनी नेऊ दिली. मी मुद्दाम मागे राहिले. सगळी पातेली धुतली, पुसली, मग मोठं पातेलं परत घासायला घेतलं.

"आता काय भोक पाडतेस त्याला?" मर्लीन म्हणाली.

"तळाला लागलंय."

"काही लागलेलं नाही." तिनं खिडकीतून बाहेर बघितलं आणि आवाज खाली आणला. "गाडीत बसलेत दोघं. जा, नाहीतर गारठतील."

मी गेले. गाडी चिखलात तिरपी उभी होती. बाबा पुढे बसले होते, गुडघ्यांवर चादर. काका माझ्या जागी, स्टिअरिंगमागे, दोन्ही हात चाकावर ठेवून, जणू गाडी चालवतोय. इंजिन बंद होतं. बाबांच्या श्वासासाठी काच बोटभर खाली होती. दोघंही समोर बघत होते, आणि समोर सभागृहाची मागची भिंत होती.

"मिठाचा ठराव झाला," काका म्हणाला.

"किती?"

"मागच्या वर्षीइतकंच."

बाबांनी श्वास घेतला. सोडला. "पुरणार नाही."

"नाही पुरणार."

काकाचे ओठ हलले, मिटले, परत हलले. मला त्याचा जबडा दिसत होता. बाबांनी मान थोडी त्याच्याकडे केली, पूर्ण नाही, कानापुरती. ते थांबले होते. मीही थांबले, पाय चिखलात रुतत होते, आणि मी मनात म्हणत होते, बोल, बोल रे काका, आता बोल.

"टेकडीवरच्या वळणाला," काका शेवटी म्हणाला, "तिथे तर अजिबातच नाही पुरणार."

"तिथे कधीच पुरत नाही," बाबा म्हणाले.

मी गाडीच्या दाराच्या कडीवरचा हात काढला. परत आत गेले, नळ सोडला, आणि धुतलेलं पातेलं त्याखाली धरलं.